मंजुळा नाखवाचा गृहपाठ

माझा स्वभाव तापट आहे हे मला कुणी सांगायची गरज नाही. डोंबिवलीला आमच्या घरात भांडं आपटल्याचा आवाज आला की शेजारीण भिंतीपलीकडून विचारते, "आठल्येबाई, पेपर तपासायला बसलात वाटतं?" तिचं चुकत नाही. ठाण्याच्या कॉलेजात मी सव्वीस वर्षं मराठी शिकवलं आणि त्यातली निम्मी रागावण्यात घालवली. पण ज्या एका रागाबद्दल आज लिहायला बसले आहे, तो राग मला अजून पचलेला नाही.

आधी माझं मत काय होतं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. चौऱ्याऐंशी साली भाच्यासाठी मुलगी बघायला आम्ही कल्याणला गेलो होतो. मुलगी नीटस होती, पोहेही बरे झाले होते. मी विचारलं, "बी.ए. कुठल्या कॉलेजातून?" तिच्या आईनं "बाहेरून" असं इतक्या हळू सांगितलं, जणू पोरीला काही दुखणंच होतं. मीही तसंच तोंड केलं. घरी येताना रिक्षात मी म्हटलं, "वर्गात न बसता मिळवलेली पदवी कसली आलीय? उंटावरून शेळ्या हाकणारा मास्तर आणि घरबसल्या शिकणारा विद्यार्थी!" हे वाक्य मला इतकं आवडलं की पुढची सात-आठ वर्षं मी ते स्टाफरूममध्ये मिरवत होते.

त्याची शिक्षा मला एक्क्याण्णव साली मिळाली. आमच्या कॉलेजात मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र उघडलं. दर रविवारी सकाळी नऊ ते एक वर्ग, आणि मराठीला शिकवायला कोण? मी. भूगोलाचे परशुराम दळवी केंद्रप्रमुख झाले होते. हा माणूस कधी चिडत नाही, त्यामुळे त्याच्यावर चिडायला फार त्रास होतो. ते म्हणाले, "बाई, चार रविवारांचा प्रश्न आहे." ते चार रविवार सहा वर्षं चालले.

पहिल्या रविवारी वर्गात बावीस जण होते. कंपन्यांतले फिटर, दोन नर्सा, एक एस.टी. कंडक्टर, एक बँकेतला शिपाई. सगळे कॉलेजच्या अरुंद बाकांत गुडघे दुमडून बसलेले. साडेनऊला दारात एक बाई उभी राहिली. उंच, काळीसावळी, बालवाडीच्या सेविकांची निळ्या काठाची साडी, हातात कापडी पिशवी. तिनं मोठ्यांदा विचारलं, "बाई, मोठ्या मानसांची शाला हीच का?" सगळे हसले. मी नाही हसले.

ही मंजुळा नाखवा. बाळकुमची कोळीण. सातवीपर्यंत शिकलेली. नवरा गोविंदा खाडीत मासेमारी करायचा. खाडीत कंपन्यांचं पाणी यायला लागलं, मासळी संपत गेली, तेव्हा होडी विकून तो एका कंपनीत वॉचमन झाला. मंजुळा दहा वर्षं बालवाडीत सेविका होती. तिच्या खात्यात पंच्याण्णवच्या अखेरीस पर्यवेक्षिकेची एक जागा सेविकांमधून भरायची होती. अटी दोनच. पदवी पाहिजे, आणि पदवीच्या दिवशी वय चाळीसच्या आत पाहिजे. मंजुळाचं वय तेव्हा पस्तीस. तिनं बोटं मोजून मला सांगितलं, "सहा महिने पूर्वतयारी, मंग तीन वर्सं बी.ए. पंच्याण्णवच्या जूनला पास व्हतंय. चालीस मना नवंबरला भरताय. पाच महिने शिलकीत हायेत बाई."

मी म्हटलं, "आधी पूर्वतयारी पास व्हा." बारावी न झालेल्यांना त्या एका परीक्षेवर बी.ए.ला प्रवेश मिळे.

पहिल्या गृहपाठातच तिनं माझ्या डोक्याला ताप दिला. प्रश्न साधा होता, साक्षरतेचं महत्त्व लिहा. उत्तराची सुरुवात अशी: "तुमचं पुस्तक पोचलं. वाचून समाधान वाटलं. इकडे सर्व ठीक आहे." मग दोन पानं साक्षरता, ती बरी होती. आणि शेवटी: "माझी सासू आवडाबाई विचारते, पुस्तक लिहिणाऱ्या बाईंना मुलं किती? तिचा गुडघा दुखतो, त्यावर काही धडा असला तर पाठवणे. आळीतल्या सगळ्यांचा नमस्कार."

मी कपाळाला हात लावला. तिला बोलावून विचारलं, "हे काय आहे?"

"उत्तर," ती म्हणाली. "पुस्तक पोष्टानं आला ना? मंग उत्तर नको द्याला?"

तेव्हा मला कळलं की त्यांच्या आळीत कुणाच्याही घरी पोस्टानं काही आलं की ते ओट्यावर सगळ्यांना वाचून दाखवायचं, आणि उत्तरात प्रत्येकीचं एक वाक्य घालायचं. पूर्वी आळीतली माणसं बोटीवर कामाला जायची, तेव्हापासूनची ही रीत. मंजुळानं पुस्तकाचे धडेही तसेच वाचून दाखवले होते. मासळी निवडता निवडता दहा-बारा बायांनी साक्षरतेवर चर्चा केली होती, आणि त्यातल्या एकीलाही सही करता येत नव्हती.

"मंजुळाबाई," मी म्हटलं, "विद्यापीठाला नमस्कार सांगायचा नसतो."

"कला?" तिनं 'का' अशा अर्थानं विचारलं. "राग येताय?"

"तुमच्या सासूबाईंच्या गुडघ्याशी विद्यापीठाला काही देणंघेणं नाही. प्रश्नाचं उत्तर लिहायचं आणि थांबायचं."

तिनं ते मनावर घेतलं. पुढच्या गृहपाठात नमस्कार नव्हता. त्याऐवजी पुढच्या रविवारी माझ्या टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेली सुक्या कोलीमची पुडी आली. मी शाकाहारी. कोलीम म्हणजे बारीक सुकी मासळी, आणि तिचा वास वर्गात तीन रविवार राहिला. मी वैतागले, दळवींनी पुडी आनंदानं घरी नेली.

पण परीक्षेत तिला चौपन्न मार्क मिळाले. मला खरं वाटेना. पुढल्या परीक्षेला मी मुद्दाम तिच्या बाकाशेजारी जाऊन उभी राहिले. ती खाली मान घालून लिहीत होती, ओठ हलवत, वाक्य आधी स्वतःला ऐकवून मग कागदावर उतरवत. एकदा मान वर करून म्हणाली, "बाई, सावली परते." मी बाजूला झाले. त्या वर्षी एकोणसाठ.

रविवारच्या त्या वर्गाबद्दल माझं मत हळूहळू बदलत होतं, हे मी कुणाजवळ कबूल केलं नाही. आठवडाभर कॉलेजातली माझी नेहमीची मुलं मागच्या बाकांवर जांभया द्यायची. सहा दिवस शिक्षण त्यांच्या दारात येऊन उभं, आणि ही पोरं कॅन्टीनमध्ये. इकडे तो कंडक्टर रात्रपाळी करून तसाच वर्गात यायचा आणि झोप येऊ नये म्हणून उभ्यानं टिपणं घ्यायचा. मंजुळा बाळकुमहून चालत यायची आणि नेमका असा प्रश्न विचारायची की मला घरी जाऊन पुस्तक उघडावं लागे. भाषेच्या बाबतीत मी कडक आहे, पण एकदा तिनं विचारलं, "बाई, आमी बोलतंय ती भाषा आनि पुस्तकातली भाषा, दोन्ही मराठीच ना? मंग आमचीला मार्क का नाय?" मी काहीतरी उत्तर दिलं. ते उत्तर मला स्वतःलाच पटलं नाही, म्हणून घरी भांडी आपटली.

पंच्याण्णवचा जानेवारी. तिसऱ्या वर्षाचा शेवटचा गृहपाठ. नियम असा की त्यात पास झाल्याशिवाय त्या वर्षी पदवी नाही. दोन प्रश्नांतला एक सोडवायचा. एक, "आपल्या परिसरातील पारंपरिक व्यवसाय व त्यांत झालेले बदल." दुसरा, कुटिरोद्योगांचे फायदे-तोटे. शेवटची तारीख एकतीस. नेहमीप्रमाणे सगळ्यांनी शेवटच्या आठवड्यात वह्या आणून टाकल्या. माझ्यापुढे तिन्ही वर्षांच्या मिळून नव्वद वह्यांचा ढीग, एका रविवारात संपवायचा. घरी पाहुणे, माझं डोकं दुखत होतं. मी ही कारणं सांगते आहे खरी, पण कारणं सांगणाऱ्या विद्यार्थ्यांना मी कधी माफ केलेलं नाही.

मंजुळाची वही जाड होती. मी उघडली. पहिली दोन पानं तिच्या अक्षरात. तिसरं पान वेगळ्याच अक्षरात, मोठं, गोल, बालवाडीतल्या मुलासारखं. पुढची चार पानं पेन्सिलीनं. मग निळी शाई, त्यावर पाण्याचे डाग. मग पुन्हा मंजुळा. मी पानं उलटत गेले आणि अक्षरं मोजत गेले. पाच निघाली. माझा संताप झाला. साडेतीन वर्षं मी या बाईवर विश्वास टाकायला शिकले होते, आणि शेवटच्या पायरीवर तिनं गृहपाठ वाटून लिहून घेतला होता! मी लाल पेनानं पहिल्याच पानावर लिहिलं, "नक्कल. एकाहून अधिक हस्ताक्षरे. अमान्य." सही केली आणि पुढची वही ओढली.

पुढच्या रविवारी ती आली. वही छातीशी धरलेली.

"बाई, यात नक्कल काय हाय?"

"पाच जणींनी लिहिलंय. नाही म्हणता?"

"नाय कशी बोलेन? लिवलाय पाच जनींनी." ती अगदी सरळ म्हणाली. "सवाल गावाचा हाय ना? परिसर. गावाचा काय इचारला तं एकट्यानं उत्तर द्याची आमच्यात रीत नाय. गावकी बसते. कोन काय बोलला ता सगला सांगाचा असतो. मी ओट्यावर वाचला, सगल्या बोलल्या. खाडी कशी व्हती, कुठची मासली कंदी बंद झाली, कोनाची होडी कोनी घेतली. काम चालू व्हता, जिचे हात कोरडे तिनं लिवाचा."

"त्यांना लिहिता येत नव्हतं ना?"

"मी शिकवला. साडेतीन वर्सं झाली."

आता, आज, हे लिहिताना, त्या शेवटच्या वाक्याशी माझा हात थांबतो. तेव्हा थांबला नाही. साक्षरतेच्या पहिल्या गृहपाठाला ज्या बायांना सही येत नव्हती, त्यांतल्या चौघी आता पानंच्या पानं लिहीत होत्या, आणि मी त्याला नक्कल म्हणत होते. पण मी रागात होते, आणि रागात माझे कान बंद होतात.

मी म्हटलं, "पदवी तुम्हाला हवी आहे की गावकीला?"

ती म्हणाली, "चार दिवस द्या. मी एकटी लिवून आनतंय."

"तारीख उलटली."

"नवंबरला चालीस भरताय मना."

"ते लिहायच्या आधी आठवायचं होतं."

दळवी मागे उभे होते. ते म्हणाले, "बाई, घेऊन टाका. चार दिवसांनी काय बिघडतंय?" त्या क्षणी एका शब्दानं सगळं मिटलं असतं. मी दळवींना म्हटलं, "मग सगळ्यांच्याच नकला घेऊ. आणि माझ्या जागी दुसरं कुणीतरी बघा." दळवी आपल्या टेबलाकडे परतले. न चिडणाऱ्या माणसाचा तोटा असा की तो चिडक्या माणसापुढे हरतो.

तिनं वही टेबलावर ठेवली आणि ती गेली. रडली नाही, भांडली नाही. भांडली असती तर कदाचित मी विरघळले असते. माझ्यासारख्यांना समोरून भांडण लागतं.

जूनमध्ये तिचा निकाल अपूर्ण लागला. नोव्हेंबरमध्ये तिला चाळीस पूर्ण झाली. पर्यवेक्षिकेची जागा डिसेंबरात भरली गेली, जया नावाची मानपाड्याची एक सेविका घेतली, तिशीतली, चांगली असेल बिचारी. मंजुळानं पुढच्या वर्षी गृहपाठ पुन्हा दिला. या वेळी दुसरा प्रश्न, कुटिरोद्योग. आठ पानं, एकच अक्षर, पाठ्यपुस्तकातली वाक्यं जवळजवळ जशीच्या तशी. मी वीसपैकी पंधरा दिले. वाचताना झोप आली होती, पण नियमाला धरून होतं. ती बी.ए. झाली. प्रमाणपत्र न्यायला आली तेव्हा मी तिचं अभिनंदन केलं, तिनं मला वाकून नमस्कार केला, आणि मला सगळं रीतसर पार पडल्यासारखं वाटलं. माझ्या निर्लज्जपणाची कमाल वाटते.

सत्त्याण्णवच्या पावसाळ्याआधी आम्हा रविवारच्या शिक्षकांसाठी कल्याणला दोन दिवसांचं शिबिर झालं. बाहेरून एक तज्ज्ञ बाई आल्या होत्या. गोड आवाज, फळ्यावर रंगीत खडू. पहिल्याच तासाला त्या म्हणाल्या, "दूरशिक्षणात विद्यार्थी एकटा पडतो. म्हणून त्यांचे गट करा. मोठ्यांदा वाचू द्या, चर्चा करू द्या, गावातल्या जाणत्या माणसांना विचारू द्या. आणि ते सगळं उत्तरात येऊ द्या." फळ्यावर त्यांनी लिहिलं, गटाभ्यास. सगळे वहीत उतरवून घ्यायला लागले.

माझं पेन चाललं नाही. दोन वर्षांपूर्वी एका कोळणीनं हेच सगळं कुणी न सांगता करून माझ्या टेबलावर ठेवलं होतं, आणि आता ही बाई मला ते रंगीत खडूनं शिकवत होती. मला कुणावर चिडावं ते कळेना. तज्ज्ञ बाईंवर चिडून झालं, दळवींवर चिडून झालं, मग माझ्याशिवाय कुणी उरलं नाही.

दुपारचं जेवण सोडून मी ठाण्याला केंद्रावर गेले. दळवींना म्हटलं, "पंच्याण्णवच्या वह्या काढा. मला मंजुळा नाखवाची वही वाचायची आहे." ते म्हणाले, "बाई, वर्ष उलटलं की वह्या रद्दीत जातात. तुम्हीच आठवण करता दर वर्षी." खरं होतं. कपाटं मोकळी करायचा आग्रह माझाच असतो.

मग मी रिक्षा केली आणि बाळकुमला गेले. सहा वर्षांत पहिल्यांदा. विचारत विचारत घर सापडलं. आळीच्या मागच्या बाजूला इमारतींचे खांब उभे राहत होते, सिमेंटची धूळ सगळीकडे. ओट्यावर आवडाबाई बसली होती. गुडघे पुढे पसरलेले. तिनं मला ओळखायचं कारण नव्हतं, पण मंजुळा आतून येऊन म्हणाली, "आवडाय, आठलेबाई आल्यान," तेव्हा म्हातारीनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि तोंड दुसरीकडे केलं.

ओट्यावर आणखी तिघी होत्या. रतन, गोदा आणि कांता, मंजुळानं नावं सांगितली. तिघींनी पूर्वतयारीला नाव घातलं होतं. पंच्याण्णवच्या वहीतली मोठी गोल अक्षरं रतनची होती. मला बरं वाटायला हवं होतं. पण तिघी बसल्या होत्या कशा? एकीचं तोंड भिंतीकडे, एकीचं रस्त्याकडे, तिसरी दाराच्या आड. मध्ये हातभर अंतर. पुस्तक मांडीवर, तोंडं मिटलेली. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. कोळ्यांच्या ओट्यावर अशी शांतता असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"अभ्यास," मंजुळा म्हणाली. "तुमी सांगलेला ना. एकटीनं लिवाचा. मी एकमेकींचा बघूच देत नाय. बोलली तं उठवतंय."

"अगं, बोला की एकमेकींशी!" मी ओरडलेच. "काय हे! कुणी सांगितलं असं मुक्यानं बसायला?"

तिघींनी माना वळवून माझ्याकडे बघितलं. कुणी सांगितलं ते ओट्यावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं.

मंजुळानं मला आत नेलं, चहा दिला. मी तिला शिबिराचं सांगितलं. गटाभ्यास, मोठ्यांदा वाचणं, सगळं. माझं चुकलं, असंही म्हटलं. म्हणायला जड गेलं, पण म्हटलं. ती ऐकत होती. मला वाटलं आता ती चिडेल, जागा गेली त्याचं बोलेल. मी त्याची तयारी करून गेले होते. तिनं ते काही काढलं नाही. तिला वेगळंच विचारायचं होतं.

"बाई, एक इचारू? ती वही तुमी पुरी वाचलेली ना?"

खोटं बोलणं सोपं होतं. वही रद्दीत गेली होती, विचारणारं कुणी नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "एक ओळही वाचली नाही. नुसती अक्षरं मोजली."

तिनं मान हलवली. बाहेर म्हातारी बसली होती तिकडे तिनं एकदा बघितलं.

"आवडाय तवाच बोललेली. बाईनं वाचलाच नसल. मी तिच्याशी भांडलेली. घरात चार दिस बोलना बंद. मी बोलली, आठलेबाई वाचल्याबिगर नापास करनार नाय. आपल्यालाच लिवाला आला नसल."

दोन वर्षं ती त्या घरात माझी बाजू घेत होती.